निवडून यायचं आणि जायचं नाही

जर्मनीतल्या आखनचं ते घर मला आधी नाकाने आठवतं. ताक आणि सोडा घालून भाजलेल्या पावाचा वास, त्यात माझ्या फोडणीचा, आणि वाळत घातलेल्या सायकलिंगच्या कपड्यांचा कुबट वास. चौथा मजला, लाकडी जिना, लिफ्ट नाही. तो जिना मी दोन-दोन पायऱ्या गाळत चढायचे आणि त्यात काही विशेष आहे असं मला तेव्हा वाटत नसे. आम्ही तिघं तिथे राहत होतो. मी, गिअरच्या दातांची झीज मोजत पीएच.डी. करणारी सातारची मुलगी. हानेस, स्वच्छतेचं वेळापत्रक फ्रिजवर लावणारा आणि कुणी काहीही बोललं की ‘गेनाऊ’, म्हणजे ‘अगदी बरोबर’, म्हणणारा जर्मन मुलगा. आणि ऑर्ला, ब्रिटनकडे असलेल्या उत्तर आयर्लंडमधल्या, स्वतंत्र आयर्लंडच्या अगदी सरहद्दीला टेकलेल्या एका गावची. पाव तिचा. यीस्ट नाही, तासन्‌तास फुगवणं नाही, पीठ ताकात कालवायचं, वर सुरीने फुली मारायची आणि ओव्हनमध्ये ढकलायचं. ताकाचा पाव म्हटल्यावर माझा जीव तिच्यावर लगेच जडला. मी पिठलं करायचे, ती पाव, आणि हानेस भांडी घासायचा. बरं चाललं होतं आमचं.

ऑर्लाला दोन गोष्टींवरून हमखास राग यायचा. एक, कुणी तिला इंग्लिश म्हटलं की. दुसरी, तिच्या वडिलांचा पक्ष. हा पक्ष तिच्या भागातून दर निवडणुकीत लंडनच्या पार्लमेंटसाठी उमेदवार उभे करतो, ते निवडून येतात, आणि मग जातच नाहीत. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मला वाटलं, माझं इंग्रजी कमी पडतंय. “जात नाहीत म्हणजे? आजारी असतात?” ती म्हणाली, “ठणठणीत असतात. त्यांच्या भागातली कामं करतात, लंडनलाही जातात, मंत्र्यांना कॉरिडॉरमध्ये भेटतात. पगार घेत नाहीत. फक्त सभागृहात जाऊन बसत नाहीत. कारण बसायचं तर आधी राजाशी एकनिष्ठ राहण्याची शपथ घ्यावी लागते, आणि ज्या राजाचं राज्य आपल्या बेटावर असूच नये असं ज्यांचं म्हणणं, ते ती कशी घेणार? शंभर वर्षं चाललंय हे.” मग तिने एक ताटली जरा जोरातच ठेवली. ती कॉलेजात असताना, ब्रिटन युरोपीय संघातून बाहेर पडत होतं तेव्हा, सरहद्दीचं काय करायचं यावर लंडनमध्ये मतदान चाललं होतं. तिच्या घराच्या मागच्या शेतातून जाणारी सरहद्द. मतं अगदी काठावर पडत होती आणि तिच्या गावाने निवडून दिलेली खुर्ची रिकामी होती. “मी टीव्हीसमोर बसून रडत होते, आणि बाबा म्हणत होते, शाब्बास.”

हे सगळं मी रविवारच्या फोनवर आईला गंमत म्हणून सांगितलं. आई भाजी निवडत होती. मान वर न करता म्हणाली, “निवडून येतात आणि जात नाहीत? म्हणजे ह्यांच्यासारखेच की.”

तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. आमचे बाबा सातारच्या एका छापखान्यात मुद्रितशोधक होते. जन्मभर दुसऱ्यांच्या चुका लाल शाईने काढल्या. निवृत्त झाल्यावर आमच्या मधुमालती सोसायटीच्या नऊ जणांच्या कमिटीवर लोकांनी त्यांना बिनविरोध निवडून दिलं, आणि पहिल्याच सभेला ते दारातून परत आले. कारण अध्यक्षांनी हजेरीचं नवं रजिस्टर छापून घेतलं होतं आणि सहीच्या रकान्यावर मथळा होता, ‘मा. अध्यक्षांच्या अनुज्ञेने उपस्थित’. बाबा म्हणाले, अनुज्ञा म्हणजे परवानगी. मला सभासदांनी निवडून दिलंय. मी अध्यक्षांच्या परवानगीने इथे बसतो असं लिहून देऊ? शब्द खोडा, मग सही करतो. अध्यक्ष म्हणाले, खाडाखोड केलेली सही धरणार नाही. झालं. तेव्हापासून बाबा दरवेळी निवडून येत आणि एकाही सभेला जात नसत. त्याऐवजी पत्रं लिहीत. पाण्याच्या टाकीबद्दल, जिन्यातल्या दिव्याबद्दल, इतिवृत्तातल्या ऱ्हस्व-दीर्घाबद्दल. त्या पत्रांना अध्यक्ष टरकून असत हे खरं. पत्र पोचलं की दुसऱ्या दिवशी जिन्यातला दिवा लागायचा. “अहो, पण मग निवडून येता कशाला?” आई विचारायची. बाबा म्हणायचे, “लोकांनी मला न जाण्यासाठीच निवडून दिलंय.” मी कॉलेजात असल्यापासून हे ऐकत आले होते आणि यात काही जगावेगळं आहे हे कळायला मला आयर्लंड लागलं.

आता लिफ्टचं सांगते. साताऱ्यात आम्ही तिसऱ्या मजल्यावर. आईचे दोन्ही गुडघे गेलेले, आणि हृदयामुळे डॉक्टर ऑपरेशनला तयार नव्हते. मी जर्मनीत आले तेव्हा ती कठडा धरून मंडईत जायची. दोन वर्षांनी आठवड्यातून एकदा. मग फक्त सणाला. आदल्या वर्षी ती दसऱ्याला खाली उतरली होती आणि त्यानंतर उतरलीच नव्हती. गॅलरीतून दोरीला टोपली बांधून खाली सोडायची, भाजीवाली त्यात मेथी टाकायची, आई वर ओढून घ्यायची. फोनवर ते ती हसत सांगायची. “जुडी कशी आहे ते वर आल्यावर कळतं बघ. परत पाठवायची तर पुन्हा सगळी दोरी सोडा.” मी हसायचे आणि फोन ठेवल्यावर माझ्याच्याने प्रयोगशाळेत जाववत नसे. लिफ्ट बसवण्याचा विषय कमिटीपुढे होता. खालच्यांचा विरोध, कारण लिफ्टच्या बांधकामाने त्यांच्या खिडक्यांचा उजेड जाणार. वरचे चार बाजूने, अध्यक्ष धरून खालचे चार विरुद्ध, आणि नववे आमचे बाबा, घरात. तळमजल्यावर जाऊन एक सही करायची आणि हात वर करायचा, एवढंच काम होतं.

सांगून पाहिलं, रुसून पाहिलं, दोन रविवार फोन केला नाही. बाबा म्हणायचे, “अगं, तो शब्द काढायला मी त्यांना सात पत्रं लिहिली आहेत. काढू दे, त्या क्षणी जातो.” मी आखनमध्ये, सहा-सात हजार किलोमीटरवर. मला जे येत होतं ते सगळं त्या जिन्यापुढे कुचकामी होतं. आज मी राहते त्या इमारतीत लिफ्ट आहे, माझेही गुडघे बोलू लागले आहेत, आणि बटण दाबताना अजून एकदा तरी आई आठवते.

त्याच सुमाराला ऑर्लाचे वडील आठ दिवसांसाठी आले. उंच, वाकलेले, बसचे निवृत्त ड्रायव्हर, खिशात कायम घडी केलेलं वर्तमानपत्र. मैत्रिणीच्या वडिलांना नावाने हाक मारणं मला जमेना, तेव्हा मी त्यांना काका म्हणू लागले. पहिल्या दिवशी ते खो-खो हसले. त्यांच्या आयरिश भाषेत काका म्हणजे केक. हानेस त्याहून जास्त हसला, कारण जर्मन पोरं त्या शब्दाने जे म्हणतात ते जेवताना सांगण्यासारखं नाही. पण काकांना ती हाक आवडली. पिठलंही आवडलं. पावाच्या तुकड्याने ताटली पुसून घेत म्हणायचे, ही अगदी माझ्या आजीकडची पद्धत. त्यांचं इंग्रजी मात्र देवालाच ठाऊक. गालात खडीसाखर धरून बोलल्यासारखं. पहिले दोन दिवस मी नुसतीच मान डोलवत होते.

एका दुपारी त्यांना घेऊन आम्ही बसने तीन देशांची हद्द मिळते तिथे गेलो. टेकडीवर एक बुटका दगड आहे, त्याला फेरी मारली की जर्मनी, बेल्जियम, नेदरलँड्स. शाळेची पोरं एक पाय इकडे एक तिकडे ठेवून फोटो काढत होती. काका त्या दगडापाशी बराच वेळ उभे राहिले. म्हणाले, “तरुणपणी माझी बस सरहद्दीवर रोज थांबवायचे. बंदूकवाला ब्रिटिश पोरगा चढायचा, माझ्याहूनही लहान. रोज तेच नाव विचारायचा. रोज.” मग दगडावर हात ठेवून म्हणाले, “आणि इथे आईस्क्रीम विकतात.” ऑर्लाने त्यांच्या हातात हात घातला. त्या क्षणी वाटलं होतं की बापलेकीचं जमेल.

घरी आल्यावर बटाटे सोलताना ठिणगी पडलीच. ऑर्ला म्हणाली, “डब्लिनच्या सभागृहातही तुम्ही लोक एके काळी बसत नव्हता. मग बसलात. बेलफास्टमध्ये बसलात. आभाळ कोसळलं का? मग लंडनचंच काय?” काका शांतपणे म्हणाले, “ती दोन्ही आमच्या बेटावरची घरं आहेत. लंडन दुसऱ्याचं घर आहे.” “पण त्या घरात आपल्या दवाखान्याचं ठरतं! आपल्या सरहद्दीचं ठरतं! तुम्ही नाही गेलात तरी ठरतंच!” “आमचे सात-आठ गेले तरी ठरेलच. साडेसहाशेंच्या सभागृहात.” “काठावर असताना सात पुरतात, बाबा.” काकांनी सुरी खाली ठेवली. “मी उभ्या गावात घरोघर फिरून सांगितलंय, आम्हाला मत द्या, आम्ही जाणार नाही. लोकांनी हे ऐकून मत दिलंय. आम्ही न जाऊन कुणाला फसवत नाही. गेलो, तर फसवू.” आणि मग शपथेबद्दल म्हणाले, “तोंडाने एक म्हणायचं, मनात दुसरं ठेवायचं. लोक म्हणतात नुसते शब्द आहेत. नुसते शब्द असतील तर त्यांनी काढून टाकावेत की.” ऑर्ला डोळे पुसत उठून गेली. कांदा मी चिरत होते, तिच्या पुढ्यात बटाटे होते.

मी काय सांगू, मला दोघंही बरोबर वाटत होते आणि त्यामुळे भयंकर चीड येत होती. शाळेत असताना आपल्याकडच्या कौन्सिलांवर बहिष्कार घालावा की आत शिरून लढावं या वादावर चार ओळींचं उत्तर पाठ केलं होतं. दोन्ही बाजू लिहिल्या की पूर्ण मार्क. पण आता एका बाजूला आईचे गुडघे होते. मला पूर्ण मार्क नको होते, लिफ्ट हवी होती.

सभेचा रविवार उजाडला. साताऱ्यात पाचला सभा, म्हणजे आमच्याकडे दीडला. मी बाराला व्हिडिओ कॉल लावला. फोन ताकाच्या बाटलीला टेकवून ठेवला होता, काका माझ्या शेजारी बसून पावाला लोणी लावत होते. बाबा नेहमीप्रमाणे कपाळ आणि चष्मा एवढेच दिसत होते. मी पुन्हा विनवण्या सुरू केल्या, बाबांनी पुन्हा तेच सांगितलं. तेवढ्यात माझ्या शेजारी काका दिसले तसे बाबा म्हणाले, “हेच का ते निवडून येऊन न जाणाऱ्यांच्यातले? नमस्कार सांग. विचार त्यांना, त्यांचं काय मत आहे.”

मी काकांना सगळं सांगितलं. रजिस्टर, मथळा, तो शब्द. ‘अनुज्ञेने’चं इंग्रजी करून सांगितलं तेव्हा काकांचे डोळे चमकले. हातातली सुरी ठेवून ते फोनकडे झुकले आणि आपल्या त्या खडीसाखरेच्या इंग्रजीत सावकाश, एका समानधर्म्याशी बोलावं तसं बोलले. म्हणाले, साहेब, जाऊ नका. तो शब्द तुमची सही मिळवण्यासाठीच तिथे ठेवलाय. तुम्ही बाहेर असता तेव्हा त्यांना सभाभर तुमची रिकामी खुर्ची बघावी लागते. एकदा आत गेलात की तुम्ही नवातले एक. परत बाहेर यायचं दार नसतं. तुमच्या पत्नीचं वाईट वाटतं मला, पण जाऊ नका.

साताऱ्याकडून पंख्याचा आवाज येत होता आणि लांबून आईची हाक, “मेथी आली का हो खाली?” बाबांनी विचारलं, “काय म्हणतायत?”

मी म्हणाले, “ते म्हणतायत, मी जन्मभर हेच केलं बाबा, आणि आता वाटतं की चुकलं. ते म्हणतायत, जा.”

बाबांनी चष्मा काढून पुसला. “असं म्हणाले?”

“हो.”

“बरं,” बाबा म्हणाले. “धन्यवाद सांग त्यांना.” आणि आत वळून, “अगं, माझा इस्त्रीचा शर्ट कुठाय?”

काकांना मी सांगितलं की बाबा तुमचे आभार मानतायत. काका खूश झाले. मला म्हणाले, “तुझे वडील पक्का माणूस आहेत,” आणि लोणी लावलेला पाव माझ्यापुढे सरकवला. तो मी खाल्ला.

अडीचला फोन आला. बाबा स्वतः लावत नसत, आईच लावायची. त्या दिवशी त्यांनी लावला. “फेटाळलं,” म्हणाले. मला कळेचना. चारला चार, आणि बाबा पाचवे, फेटाळलं कसं? बाबांनी हिशेब सांगितला, प्रुफातली चूक दाखवावी तशा कोरड्या आवाजात. अध्यक्षांनी सभा मुद्दाम लग्नाच्या दाट तिथीला ठेवली होती. लिफ्टवाल्या चौघांपैकी तिघं कराडला लग्नाला गेलेले. विरोधातलाही एक पुण्याला गेलेला. म्हणजे हजर फक्त चार, आणि गणपूर्तीला पाच लागतात. चारांवर सभा तहकूब झाली असती, नवी तारीख पडली असती. पण दारात बाबा दिसले. अध्यक्षांनी स्वतः उठून खुर्ची दिली, रजिस्टर पुढे केलं. बाबांनी त्या मथळ्याखाली सही केली आणि मग मान वर करून माणसं मोजली. तीन विरुद्ध दोन. आमच्या सोसायटीचा नियम असा, की फेटाळलेला विषय तीन वर्षं परत आणायचा नाही.

“त्यांना पाचवा माणूस हवा होता,” बाबा म्हणाले. “तो मी झालो.”

मी काय केलं ते त्यांना सांगू शकले नाही. त्या संध्याकाळी ऑर्लाला सांगितलं, गच्चीच्या जिन्यात बसून, सगळं. मला वाटलं होतं ती मला जवळ घेईल. ती म्हणाली, “ते एक वाक्य त्यांच्या तोंडून ऐकायची मी जन्मभर वाट बघतेय. तू त्यांच्या तोंडी घातलंस. आणि तेसुद्धा त्यांना न येणाऱ्या भाषेत.” आम्ही दोघी तिथेच बसून राहिलो. खाली हानेस जिना झाडत होता, त्या आठवड्यात त्याची पाळी होती. काका दोन दिवसांनी गेले, जाताना माझ्या बाबांसाठी एक पाव कागदात बांधून देऊ पाहत होते. साताऱ्याला पोचेपर्यंत दगड होईल, म्हणून मी तो ठेवून घेतला. पुढे ते वारले तोवर दर नाताळाला माझ्या वडिलांची विचारपूस करीत. “अजून बाहेरच आहेत ना?” असं विचारीत. मी हो म्हणत असे.

त्या दिवाळीला मी घरी गेले. तीन मजले चढून वर आले तेव्हा आई दारातच खुर्ची टाकून बसली होती. तिला लिफ्टबद्दल बोलायचंच नव्हतं. करंज्यांना मुरड घालता घालता हळूच म्हणाली, “मी नाही उतरले खाली तर मेलं काय अडतंय? पण ह्यांच्या पत्राला आता कुणी विचारत नाही गं. अध्यक्ष म्हणतात, अहो, सभेला येऊन बोला की, आता काय परके आहात का? जिन्यातला दिवा महिनाभर बंद आहे. आणि हे लिहायचेही थांबलेत.”

बाबा गॅलरीत होते. टोपली सोडायचं काम आता त्यांनी घेतलं होतं. मी शेजारी जाऊन उभी राहिले. सांगायचं ठरवूनच गेले होते, तोंड उघडलं, “बाबा, त्या दिवशी काका जे म्हणाले ना...”

“जाऊ नका म्हणाले,” बाबा म्हणाले. ते दोरीची गाठ तपासत होते. “चाळीस वर्षं मी लोकांची अक्षरं लावली, एका माणसाचं ‘डोंट गो’ मला लागणार नाही होय? दोनदा म्हणाला तो.”

“मग गेलात कशाला?”

“तू कधी खोटं बोलली नव्हतीस माझ्याशी. म्हटलं, पोरगी खोटं बोलायला लागली म्हणजे तिच्या अगदी गळ्याशी आलेलं दिसतंय.” मग खाली बघतच, “मीही कधी चुकीचा शब्द दिसत असून तसाच जाऊ दिला नव्हता. फिटंफाट.”

खालून भाजीवालीने हाक दिली. बाबांनी टोपली कठड्यावरून अलगद काढली आणि दोरी दोन्ही हातांनी हळूहळू सोडू लागले.